रामकिशनमामांच्या इंजनाचा धूर

मुदखेडला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, फुलांनी भरलेले बांबूचे हारे जिथं उतरतात त्याच्या जरा अलीकडं, 'सुदर्शन इलेक्ट्रिकल्स' अशी पाटी आहे. आत शिरलं की समोर टेबल, टेबलामागं खुर्ची आणि खुर्चीत सुदर्शन. त्याच्या पाठीशी फुलाफुलांचा एक पडदा आणि पडद्यामागं त्याची बायको शिवकन्या. गिऱ्हाईक बिघडलेला मिक्सर नाहीतर जळालेली मोटर टेबलापाशी आणून ठेवतं. सुदर्शन डाव्या हातानं ती चाचपून बघतो, मान हलवतो, आणि दोन-चार दिवसांत वस्तू चालू होऊन परत टेबलापाशी येते. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, उस्तादांचा हात काही गेला नाही. तो न गेलेला हात पडद्यामागं सकाळच्या भाकरी थापून, धुणं पिळून, मग मोटर भरायला बसलेला असतो, याची गिऱ्हाइकाला गंधवार्ताही नसते.

यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. ही लबाडी मुळात शिवकन्येची.

सात वर्षांमागं, विहिरींनी तळ गाठला होता आणि शेतातल्या मोटारी धडाधड जळत होत्या अशा उन्हाळ्यात, सुदर्शनला लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जिभेवर मोजके शब्द राहिले: होकाराचं हाव, न्हाई, चा, आणि एक शिवी. डोकं मात्र शाबूत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. भोकरकडचे शेतकरी मोटर घेऊन यायचे, उस्तादांची दशा बघून हळहळायचे आणि मोटर तशीच उचलून नांदेडला न्यायचे. सुदर्शन त्यांच्या पाठीकडं बघत बसायचा. एका दुपारी शिवकन्येला ते बघवलं नाही. तिनं एका शेतकऱ्याला दारातच अडवलं.

"ठेवा मोटर," ती म्हणाली. "ते सांगतेत, मी नुसतं धरते. उजवा हात तेवढा माझा, बाकी समदं त्यांचंच."

खरं तर सांगायला त्याला जीभ नव्हती आणि तिला कुणी सांगायची गरजही नव्हती. जळकोटहून लग्न होऊन आली तेव्हापासून मोटरीत तांब्याची तार भरायच्या वाइंडिंग मशीनचा दांडा तीच फिरवत होती. तारेचा एक वेढा मोजण्यात चुकला तर सुदर्शन दुकान डोक्यावर घ्यायचा. त्याच्या ओरडण्यातूनच ती सगळं शिकली. त्या दिवशीची मोटर तिनं भरली, शेतकरी घेऊन गेला आणि जाताना सुदर्शनच्या पाया पडला. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच सुदर्शन त्या संध्याकाळी पोटभर जेवला. म्हणून मग शिवकन्या पुढच्या गिऱ्हाइकाशीही तेच बोलली, आणि त्याच्या पुढच्याशीही.

अशी थाप चार दिवस मारायला बरी असते. वर्षानुवर्षं मारायची म्हणजे रोज उठून तीच भाकर शिळी करून खायची. पहिल्यांदा शिवकन्येला गंमत वाटायची, मग सवय झाली, आणि मग कधीतरी हाडांत थकवा जाऊन बसला, झोपूनही न उतरणारा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई, नवरा बसल्या जागी कमावतो. ती हसून मान डोलवायची आणि घरात येऊन पातेली जरा जोरात आपटायची. पातेल्यांची भाषा सुदर्शनला कळत नसेल असं कसं म्हणावं! पण गिऱ्हाइकाचा नमस्कार घेताना तो एकदाही पडद्याकडं वळून बघत नसे. तेच तिला लागायचं. लोकांना खरं कळो न कळो. त्यानं एकदा तरी, त्या चार शब्दांत पाचवा घालून, तिचं काम तिचं म्हणावं, एवढीच तिची आस होती.

दसरा आठ-दहा दिवसांवर आलेला असताना रामकिशनमामा दुकानात आले, तान्हं लेकरू धरावं तसा एक खोका छातीशी धरून. मामा म्हणजे रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला माणूस. तरुणपणी कोळशाच्या इंजनावर फायरमन होते. कोळसा मारून मारून त्यांचा एक खांदा अजून उतरता आहे. त्यांची लेक अंजू जर्मनीत नोकरीला आहे. तिनं बापासाठी तिकडून एक खेळण्यातलं इंजन धाडलं होतं. वीतभर लांब, काळंभोर, लाल चाकांचं, रुळावर ठेवून वीज दिली की धावणारं आणि धुराड्यातून खरोखरचा धूर सोडणारं. खंडेनवमीला लोक आपापली अवजारं पुजतात. मामांचं अवजार रेल्वेनं ठेवून घेतलेलं, म्हणून मामा हे इंजन पाटावर मांडत, त्याला हळदकुंकू वाहत आणि मग सगळ्या गल्लीला चालवून दाखवत. आता ते धावत होतं, पण धूर बंद झाला होता.

मामांनी ते सुदर्शनपुढं ठेवलं आणि म्हणाले, "धुराबगर हे इंजन न्हाई उस्ताद, नुसतं खेळणं हाय. नांदेडात कुणी हात लावला न्हाई. आता तुमीच काय ती हिकमत करा."

सुदर्शननं इंजन डाव्या हातात घेतलं, उलटं करून चाकं बघितली, आणि "हाव" म्हणाला.

पडद्यामागं शिवकन्येच्या हातातली तार थांबली. हा माणूस हाव म्हणतोय! पंखा, मिक्सर, मोटर ही त्यानं शिकवलेली कामं. तिथं नाव त्याचं झालं तरी ती स्वतःची समजूत घालायची की हात माझा, पण विद्या त्याचीच. हे इंजन मात्र दोघांच्याही बापजन्मात कुणी उघडलेलं नव्हतं. हे जमलं तर ते निव्वळ आपलं, त्यात कुणाचा वाटा नाही. तिनं तिथंच मनाशी ठरवलं, की इंजन परत द्यायच्या दिवशी पडदा बाजूला सारायचा, बाहेर यायचं आणि मामांना सांगायचं, हे मी केलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं आवरून, ती इंजन घेऊन बसली. पोटाखालचा एक बारीक स्क्रू काढला तसं वरचं कवच सुटलं. आत अंगठ्याएवढी मोटर, आणि धुराड्याच्या बरोबर खाली बोटाच्या पेराएवढी पितळी नळी. नळीतून दोन वायरी बाहेर आलेल्या. म्हणजे आत केसासारखी बारीक तापायची तार असणार, तिच्याभोवती तेल धरून ठेवणारा बोळा असणार; तार तापली की तेलाचा धूर होत असणार. एवढं तिला बघताबघता कळलं. वायरींना मीटर लावलं तर काही दाखवेना. तार तुटली होती. बॅटरी मारून नळीत बघितलं तर आत तपकिरी, कडक डिंकासारखं काहीतरी गच्च बसलेलं. तिनं नळी नाकाशी धरली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं. दिवाळीत चकल्या तळून झाल्यावर कढईच्या कडेला जे धरतं, त्याचा तो वास होता. करडईचं तेल.

हे कसं झालं ते मागाहून कळलं, पण आत्ताच सांगितलेलं बरं. इंजनाबरोबर जर्मनीहून धुराच्या तेलाची एक बारकी बाटली आली होती, ती संपली. मामांची बायको तारामती दर शनिवारी मारुतीला तेल घालून येते. वाटीत थोडं उरतं. देवाचं उरलेलं तेल टाकायचं कुठं, म्हणून तिनं ते इंजनाच्या धुराड्यात घातलं. रंग काळा, वार शनिवार, आणि तेलाची गरज. तिला सगळंच जुळून आल्यासारखं वाटलं. पहिल्या शनिवारी भज्यांच्या वासाचा असा काही धूर निघाला की मामांनीच तिला शाबासकी दिली. मग दर शनिवारी मारुतीच्या मागोमाग इंजनाचा नंबर लागला. करडईचं तेल तापून तापून आटतं, चिकटतं आणि शेवटी लाखेसारखं कडक होतं. त्यात ती बिचारी तार गुदमरून जळाली.

नळी थिनरमध्ये भिजवून, सुईनं खरवडून स्वच्छ करण्यात एक दिवस गेला. मग तार. इतकी बारीक तापणारी तार मिळते ती डाख द्यायच्या मेलेल्या सोल्डरिंग गनच्या पोटात. शिवकन्येनं अडगळीतली एक जुनी गन फोडली. पहिला तुकडा गुंडाळतानाच तुटला. दुसरा वीज देताच लाल होऊन जळाला. तिसऱ्या वेळी तार जरा लांब घेतली, तेव्हा कुठं ती नीट तापायला लागली. बोळ्यासाठी तिनं मोटर भरताना तारांवर चढवतात ती काचेच्या धाग्याची स्लीव्ह उसवली. तो धागा जळत नाही, पण बोटांत शिरतो आणि आग आग करतो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मान वळेना. मधूनच उठून सुदर्शनला चहा, सुदर्शनची गोळी, कुकर. एकदा त्यानं पडद्यापलीकडून घशातूनच आवाज काढून हाक मारली. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पडद्याची फटही ओढून बंद केली. एवढं एक काम तरी त्याच्या नजरेखाली नको होतं तिला.

सगळं जोडून झालं आणि गाडी तेलापाशी येऊन अडली. खोबरेल घातलं तर काळा धूर आणि पुन्हा तोच चिकटा. शिलाई मशीनचं तेल घातलं तर असा वास सुटला की शेजारच्या दुकानदारानं येऊन विचारलं, काय जळतंय. रॉकेल घालायची तिची छाती झाली नाही. प्रत्येक वेळी नळी परत धुवायची, परत वाळवायची. शेवटी तिनं पडद्यामागच्या आपल्या टेबलावर डोकं टेकलं. जर्मनीच्या बाटलीत काय होतं ते जर्मनीला माहीत. उद्या मामा येणार होते आणि तिच्या आयुष्यातलं एकुलतं एक स्वतःचं काम धुराविना परत जाणार होतं. तिला रडूही येत नव्हतं, इतकी ती थकली होती.

पडद्यापलीकडं सुदर्शननं पुन्हा आवाज केला. ती उठून बाहेर आली. तो डाव्या हातानं फळीवरच्या औषधांकडं दाखवत होता. तिथं पॅराफिनची बाटली होती. बसून बसून त्याचं पोट साफ होत नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं पाण्यासारखं, बिनवासाचं तेल. शिवकन्येनं सुस्कारा टाकला. म्हणजे आता ह्याला संडासला न्यायचं. तिनं त्याच्या काखेत हात घातला आणि उठवायला लागली, तर त्यानं तिला ढकललं.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई!"

तिचा पारा चढला. मग काय पाहिजे ते तरी सांग बाबा, असं ती बरंच काही बोलली, तेही अहोजाहो सोडून, एरवी त्याच्याशी कधी बोलत नसे तशी. तोवर त्यानं स्वतःच खुर्चीतून झुकून बाटली ओढली, मांडीत धरून दातांनी झाकण काढलं, अर्धं तेल विजारीवर सांडलं. त्यात बोट बुडवलं. मग पडदा सारून तो कसाबसा तिच्या टेबलाकडं वाकला आणि तापून असलेल्या सोल्डरिंग गनच्या टोकावर त्यानं एक थेंब सोडला. टोकावरून पांढरा धूर उठला, मऊ, सरळ, बिनवासाचा, आणि मागं चिकट काही राहिलं नाही.

सुदर्शन अर्ध्या तोंडानं हसला. तसा तो लकव्याआधी हसायचा, एखादी मोटर पहिल्या झटक्यात फिरली की. शिवकन्येनं नळीत त्या तेलाचे पाच-सहा थेंब घातले, खोक्यातल्या रुळाच्या तुकड्यावर इंजन ठेवलं, वीज दिली. जरा वेळानं धुराड्यातून धूर यायला लागला आणि यायचा थांबेना. ती हरखली. आणि हरखता हरखता मनात कुठंतरी खट्टूही झाली. झालं ना, ह्याही कामात ह्याचा वाटा निघालाच! स्वतःच्या ह्या विचाराची तिला लाज वाटली, पण विचार आला तो आलाच.

दुसऱ्या दिवशी मामा आले. इंजनानं टेबलावरच धूर सोडून दाखवला. मामांनी तो धूर दोन्ही हातांनी तोंडावर घेतला, आरती घेतात तसा, आणि मग सुदर्शनपुढं हात जोडले. समोरच्या स्टुलावर बसून काय झालं होतं, कसं केलंत, असं विचारायला लागले. शिवकन्या पडद्याबाहेर येऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी सुदर्शनच बोलला.

"मी... न्हाई," तो म्हणाला. त्याचा डावा हात उठला आणि तिच्याकडं वळला. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. "हिनं. हिनं... केलं."

सात वर्षं ती ह्याच शब्दांसाठी ताटकळली होती.

मामा मोठ्यानं हसले. असली माणसं अशीच असतात, ते म्हणाले, एवढं काम करून नाव मात्र बायकोला देतात. आणि त्यांनी वाकून सुदर्शनच्या गुडघ्याला हात लावला. सुदर्शन मान हलवत राहिला, न्हाई, न्हाई, आणि मामांना तो जास्तच थोर वाटत गेला.

"मामा," शिवकन्या म्हणाली, "ते खरं बोलून राहिले. इंजन मी केलं. मिक्सर, पंखे, मोटारी, ह्यांना लकवा मारल्यापासून समदं मीच करून राहिले."

मामांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी मागं इथूनच दुरुस्त करून नेलेल्या आपल्या घरच्या पिठाच्या गिरणीबद्दल विचारलं. तीही मीच, ती म्हणाली. मामांनी सुदर्शनकडं बघितलं. सुदर्शन म्हणाला, "हाव." मग मामांनी आपलं स्टूल तिच्या दिशेनं वळवलं आणि तेल किती घालायचं, कितीदा घालायचं, असं तिला विचारलं. त्या दुकानात कामाचा प्रश्न पहिल्यांदा तिच्याकडं आला होता. तिनं त्याचं उत्तर नीट, सावकाश दिलं. पाच-सहा थेंब, मेडिकलमधलं पांढरं तेल; करडईचं नाही. करडई म्हणताच मामांनी कपाळाला हात लावला आणि तारामतीच्या शनिवारांची सगळी हकीकत सांगितली. तिघंही हसली. तेवढे दोन क्षण फार सुखाचे गेले.

"पर तेलाचं ह्यांनी सांगितलं बरं का," शिवकन्या म्हणाली. "मला सुचतच नव्हतं. धूर निघाला तो ह्यांच्यामुळं."

मामा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत माया दाटून आली. ते उठले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू दे पोरी," ते म्हणाले. "नवऱ्याची इज्जत तू लई राखलीस. आता मला नको सांगू."

तसं नाही मामा, खरंच, असं म्हणून तिनं बाटलीचं सांगितलं, गनच्या टोकावरच्या थेंबाचं सांगितलं. ती जेवढं सांगत गेली तेवढी मामांची मान समजूतदारपणे हलत गेली. सुदर्शन डाव्या हातानं छाती ठोकत होता. मी, मी, एवढंच त्याच्या तोंडून निघत होतं. मामांनी लहान लेकराला थोपटावं तसं त्याला खांद्यावर थोपटलं, आता त्याला उस्ताद म्हटलं नाही, तब्येतीला जपा म्हणाले. जाताना शिवकन्येला सांगितलं की घरचा कूलर उद्या तिच्याकडं आणून देतो. खोका छातीशी धरून ते फुलांच्या हाऱ्यांमधून दिसेनासे झाले.

शिवकन्येला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तिला सुदर्शनकडं बघवत नव्हतं. ती त्याच्यापाशी गेली.

"तेल तुमीच सांगितलं," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय ना."

मामा गेले त्या वाटेकडं सुदर्शन बघत होता. मग त्यानं ओठ जुळवले.

"आता," तो म्हणाला. "आता... कळलं."

काय कळलं ते तिनं विचारलं नाही. इतकी वर्षं पडद्यामागं बसून ती तेच तर गिळत आली होती. तिनं मामांचं स्टूल ओढून त्याच्या खुर्चीला लावलं आणि त्यावर बसली. कुकर लावायचा राहिला होता, पण तिला उठवेना. दोघंही दमून रस्त्याकडं बघत बसली.